सायकलच्या चौकशीखाली बांधलेलं सेवापुस्तक

आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कोणी वाद घालायला नको. मी देव मानतो तो सणावारापुरता. भूत तर अजिबातच मानत नाही. या सदरात कोणाला पिंपळाखाली बाई दिसते, कोणाला पैंजण ऐकू येतात... ते सगळं मी जेवण झाल्यावर वाचतो आणि हसून झोपतो. जन्मभर सरकारी नोकरी केलेल्या माणसाला भुताची भीती वाटत नाही, ऑडिटची वाटते.

माझ्या बाबतीत जे घडलं त्यात पिंपळ नाही आणि अमावास्याही नाही. सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच या ऑफिसच्या वेळात, लख्ख उजेडात, चार लोकांच्या देखत ते घडलं. इतकी वर्षं मी ते घरातसुद्धा सांगितलं नव्हतं. मागच्या आठवड्यात नातीमुळे ते पुन्हा वर आलं.

आमच्या हुडकेश्वरच्या घरातल्या डायनिंग टेबलवर बसून ती तिच्या कंपनीचं काम करते. मी सहज विचारलं, काय चाललंय. ती म्हणाली, "आबा, हे बघा, ही एकच फाइल आहे. हीच मी रजेच्या कामाला जोडली आणि हीच बदलीच्या कामालाही जोडली. शेअर्ड आहे ना. कोणाचंच काम अडत नाही." मी विचारलं, एकाच वेळी दोन्हीकडे? ती म्हणाली, दोन काय, पन्नास ठिकाणी जोडा. मी चहा तसाच ठेवला आणि आत जाऊन आडवा झालो. तिला वाटलं माझं बीपी वाढलं.

आमच्या वेळी एक फाइल एकाच ठिकाणी असायची. हे नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं यावरच आहे. समजा एका प्रकरणाला दुसऱ्या फाइलची गरज लागली, तर ती दुसरी फाइल पहिलीच्या खाली ठेवायची, आणि खालच्या फाइलची कापडी फीत वरच्या फाइलवरून घेऊन गाठ मारायची. याला आम्ही 'खाली बांधणं' म्हणायचो. एकदा खाली बांधलेली फाइल वरच्या फाइलबरोबर फिरायची, नाहीतर वरची झोपली की तिच्याबरोबर झोपायची. मधेच कोणाला ती हवी असेल तर ज्याच्या टेबलावर ती असेल त्या बाबूने गाठ सोडून द्यायची, एक चिठ्ठी लावायची... दोन मिनिटांचं काम. पण ते करायचं की नाही, हे त्या बाबूच्या मर्जीवर.

चौऱ्याहत्तर-पंच्याहत्तरची गोष्ट. सिव्हिल लाइन्समधली इंग्रजांच्या वेळची बैठी कौलारू इमारत. खात्याचं नाव लिहीत नाही. मी आस्थापना शाखेत सीनियर क्लार्क होतो. पश्चिमेच्या खिडकीजवळ माझं टेबल, पाठीमागे लाकडी रॅक, आणि त्या रॅकवर खात्यातल्या दोन-अडीचशे लोकांचं नशीब. तेव्हा मला हे असं म्हणायला आवडायचं.

आमच्या शाखेत पराते नावाचा एक ज्युनियर क्लार्क होता. (नाव बदललं आहे.) गोळीबार चौकाकडचा, विणकराच्या घरातला. घरात वारलेल्या बापाचा हातमाग होता. माणूस गरीब गाईसारखा, पण कामात वाघ. खात्याची परीक्षा तो पहिल्याच झटक्यात पास झाला आणि मी दोनदा आपटलो. एकदा माझ्या टिपणीतली चूक त्याने साहेबांसमोर दाखवली. मुद्दाम नाही दाखवली, साहेबांनी विचारलं म्हणून सांगितलं बिचाऱ्याने. पण मला ते लागलं. मी त्याचं नाव 'धोटा' ठेवलं. धोटा म्हणजे मागावर इकडून तिकडे धावतो तो. सगळे त्याला धोटाच म्हणायला लागले. तोही ओ द्यायचा.

त्याची बदली सिरोंच्याला झाली. नकाशा पाहिला तर कळेल सिरोंचा कुठे आहे ते. तेव्हा पावसाळ्यात नाल्यांना पूर आला की रस्ता बंद. महिना महिना तिकडचं टपालसुद्धा यायचं नाही. पराते बायकोला घेऊन गेला, कारण नागपुरात आंधळ्या आईशिवाय घरात कोणी नव्हतं. आईला मावशीकडे ठेवलं.

पुढल्या जानेवारीत त्याचा बदलीचा अर्ज आला. बायकोला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण बिघडून मूल गेलेलं. नागपूरच्या डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की या वेळी मोठ्या दवाखान्याशिवाय बाळंतपण करू नये, बाईच्या जिवाला धोका आहे. जुलैच्या शेवटी दिवस भरत होते. म्हणजे पावसाच्या आधी, जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तिला तिथून बाहेर काढायला हवं होतं. एकटीला पाठवावं तर इकडे सांभाळणारं कोणी नव्हतं, आणि रजेशिवाय तो निघाला असता तर नोकरी गेली असती. बदली नाही तर निदान लांब रजा तरी द्या, असं त्याने दुसऱ्या अर्जात लिहिलं होतं.

दोन्ही कामांना त्याचं सेवापुस्तक लागणार होतं. नोकरीत लागल्यापासूनची सगळी नोंद त्यात असते, रजा किती शिल्लक तेही त्यातच. आणि ते सेवापुस्तक माझ्या मागच्या रॅकवर होतं.

आता मी काय केलं ते लिहितो. आमच्याकडे पाच वर्षांपूर्वी ऑफिसची एक सायकल हरवली होती. तिची चौकशी फाइल माझ्याकडेच धूळ खात पडली होती. त्या चौकशीत परात्याने दोन ओळींचा जबाब दिला होता की सायकल मी शेवटची गुरुवारी पाहिली. बस्स, एवढाच संबंध. मी त्याचं सेवापुस्तक काढलं आणि सायकलच्या फाइलखाली बांधलं. बदलीच्या टेबलावरून मागणी आली तेव्हा शेरा मारला — 'सेवापुस्तक चौकशी नस्तीसोबत जोडलेले आहे. नस्ती निर्णयाधीन.' नियमाने बोट ठेवायला जागा नव्हती. बदलीची फाइल तीनदा आली आणि त्याच शेऱ्याने तीनदा परत गेली. रजेचा अर्ज तर मी तीन महिने ट्रेखालीच दाबला.

राग म्हणाल तर तेव्हा रागही राहिला नव्हता. मजा वाटायची. दुपारी चहाच्या वेळी कोणी ना कोणी विचारायचं, धोट्याची सायकल सापडली का गा? आणि आम्ही हसायचो. बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, तेही हसायचे. माझा एक शेरा चारशे किलोमीटरवर एका माणसाला घाम फोडतो, याचं सुख फार मोठं असतं हो. खोटं कशाला बोलू.

मे महिन्यात तो स्वतः आला. दीड दिवस एसटीत बसून. खिडकीला वाळ्याच्या, म्हणजे खसाच्या, ताट्या लावल्या होत्या, शिपाई त्यांवर पाणी मारत होता. पराते माझ्या टेबलासमोर उभा राहिला. शर्टावर घामाचे पांढरे डाग. मी बस म्हटलं नाही. त्याने हळू आवाजात सगळं सांगितलं. बायकोच्या पायांवर सूज आली होती, तिथला कंपाउंडर हात लावायला घाबरत होता, आणि नाले एकदा भरले की बैलगाडीसुद्धा निघणार नव्हती. बोलता बोलता त्याची नजर माझ्या मागे रॅकवर गेली. फाइल समोरच होती. खाली त्याचं पुस्तक, त्यावर त्याचं नाव.

"भाऊ, ते तं इथंच आहे जी," तो म्हणाला. "तुम्ही म्हनसान तं मीच सोडून घेतो."

मी म्हटलं, हात लावू नको, चौकशीचं प्रकरण आहे. मग मला काय सुचलं कोण जाणे. मी ती फाइल काढून टेबलावर आपटली. फीत जरा सैल झाली होती. मी म्हणालो, "तू विणकर ना गा? ही गाठ ढिली झाली. पक्की मारून दे. मग पाहू तुह्या कामाचं."

सगळी शाखा बघत होती. त्याला कळलं असेल की नाही मला माहीत नाही. बहुतेक त्याला वाटलं, बाबू खूश झाला तर काम होईल. त्याने फितीची दोन्ही टोकं घेतली, बोटं अशी फिरवली, आणि ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ बसली. मागावर धागा तुटला की विणकर जोडतात तशी. त्याने स्वतःच्या हाताने स्वतःचं पुस्तक त्या मेलेल्या सायकलखाली बांधलं.

"हे सुटत नाही भाऊ," तो म्हणाला. जरा अभिमानानेच. "कापा लागते."

मी फाइल रॅकवर ठेवली आणि त्याला सांगितलं, जा, कळवतो. तो दारातून वळून नमस्कार करून गेला. त्यानंतर शाखेत जो हशा पिकला तो मी सांगत नाही.

पाऊस त्या वर्षी दहा दिवस आधी लागला.

ऑगस्टच्या मध्यावर टपालाचा गठ्ठा आला, बरेच दिवस अडकलेला. त्यात परात्याचा साध्या कागदावरचा अर्ज होता. पत्नी आणि नवजात मूल दोघेही वारल्यामुळे आठ दिवस रजेवर होतो, ती मंजूर व्हावी. रस्ता बंद असल्याने पूर्वपरवानगी घेता आली नाही, क्षमस्व. खाली सही. वर साहेबांचा शेरा होता — 'सेवापुस्तकासह सादर करा.'

मी रॅकवरून फाइल काढली. गाठ सुटेना. दाढीचं ब्लेड आम्ही पेन्सिलीला टोक करायला ठेवायचो, त्याने फीत कापली, पुस्तक वेगळं केलं, टेबलाच्या खणात ठेवलं. कापलेला फितीचा तुकडा, गाठीसकट, तोही खणात पडला. सगळे गेल्यावर, साडेपाचला घरी गेलो.

इथून पुढे ज्याला विश्वास ठेवायचा त्याने ठेवावा.

दुसऱ्या दिवशी अकराला येऊन पाहतो तो सेवापुस्तक सायकलच्या फाइलखाली बांधलेलं. तीच बारीक गाठ. मला वाटलं कोणी चेष्टा केली. शिव्या घातल्या, पुन्हा कापली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आणि फीत नवी नव्हती. तिच्यावर निळ्या शाईचा एक जुना डाग होता, तो तसाच. कापल्याची खूण कुठेच नाही, अखंड फीत. खणात मात्र आदल्या दोन दिवसांचे कापलेले दोन तुकडे. दोन्हींवर गाठ, दोन्हींवर तोच निळा डाग, त्याच जागी.

मी गणपतला बोलावलं. गणपत आमचा दप्तरी, रेकॉर्ड रूम सांभाळणारा. तीस वर्षं फाइली बांधत आलेला म्हातारा. त्याने चष्मा पुसून गाठ पाहिली. "बाबू, हे गाठ या हपिसात कोनालेच येत नाही," तो म्हणाला. "ज्याले येते तो तं सिरोंच्याले आहे." आणि ते टपाल येऊन गेल्यावर सिरोंच्याचा रस्ता पुन्हा बंद झाला होता.

तिसऱ्यांदा कापली ती गणपतच्या समोर. पुस्तक लोखंडी कपाटात ठेवलं, सायकलची फाइल बाहेर रॅकवर. कपाटाला कुलूप लावलं, किल्ली माझ्या खिशात. चौथ्या दिवशी अकरा वाजता, गणपतला बाजूला उभं करून मी कुलूप उघडलं. कपाटात दोन्ही होती. वर सायकल, खाली पुस्तक, मधे गाठ.

गणपतने कुलूप हातात घेऊन उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, "तुम्ही वरची फाइल खतम काहून करत नाही?"

मी बसलो आणि टिपणी लिहिली. 'सायकल आढळून येत नाही. जबाबदारी निश्चित करता येत नाही. प्रकरण बंद करावे.' तीन वाक्यं. साहेबांनी उभ्या उभ्या सही केली. पाऊण तासही लागला नाही. सही झालेली फाइल घेऊन मी टेबलापर्यंत आलो आणि गाठीला नुसता अंगठा लागला. ती सुटली. विणकराची गाठ, जी कापावी लागते, ती पायजम्याच्या नाडीसारखी आपोआप सुटली.

म्हणजे जानेवारीतच हे झालं असतं. पाऊण तासात.

बदलीचा आदेश आठ दिवसांत निघाला. सप्टेंबरमध्ये पराते नागपूरला हजर झाला आणि नेमकं माझ्यासमोरचं टेबल त्याला मिळालं. अर्ध्यावर आला होता माणूस. काम तसंच वाघासारखं करायचा, बोलायचा मात्र नाही. एका दुपारी सगळे चहाला गेले होते तेव्हा तो माझ्याजवळ आला.

"भाऊ, एक इचारू?"

मी म्हटलं विचार.

"माही गाठ सुटली नसन, म्हनूनच पुस्तक निघालं नाही ना?"

माणसाला सुटकेची संधी आयुष्यात फार वेळा मिळत नाही. मला ती मिळाली होती. नाही म्हणायचं होतं फक्त. तुझ्या गाठीचा दोष नाही, मी हरामखोरपणा केला, एवढंच सांगायचं होतं. तो मला मारता, किंवा न मारता. निदान त्याच्या बायकोच्या मरणाचा मालक मी झालो असतो, तो नाही.

"हो," मी म्हणालो. "सुटतच नव्हती. आम्ही लई प्रयत्न केला."

त्याने मान हलवली. "मी सांगतलं होतं तुमाले, कापा लागते म्हनून. पन सरकारी फीत कोन कापन?" वर मलाच सांभाळून घेतलं त्याने, आणि जाग्यावर जाऊन बसला.

त्या दिवसानंतर परात्याने कधी गाठ मारली नाही. फाइल तयार झाली की फितीची टोकं चिमटीत धरून बसायचा आणि शिपायाला हाक मारायचा. बापाचा माग विकला. लोक त्यावरही हसले, मीही हसलो. कधी कधी, वर्षातून एखाद्या वेळी, कोणाच्या तरी फाइलवर ती गाठ निघायची. एकदा नवीन साहेबांनी चिडून विचारलं, ही कोणी बांधली? पराते उभा राहिला. "म्या नाही मारली साहेब," म्हणाला. "मी मारतच नाही." मी माझ्या कागदात डोकं खुपसून बसलो. ती फाइल माझ्याच टेबलावरून गेली होती.

पुढे नऊ-दहा वर्षांनी, नोकरीत असतानाच तो गेला. कावीळ झाली होती. सकाळी आम्ही ऑफिसची माणसं गोळीबार चौकात त्याच्या घरी गेलो. अंगणात तिरडी बांधणं चाललं होतं. सुतळी जुनी होती, बांधता बांधता तुटली. त्याच्या नात्यातल्या माणसाने ती दोन टोकं माझ्या हातात दिली, धरा बाबू, दुसरी आणतो, म्हणाला आणि आत गेला. मी धरून उभा राहिलो. परात्याचं तोंड उघडं होतं. मनात म्हटलं, आता तरी सांग त्याला.

तो नातेवाईक नवी सुतळी घेऊन आला आणि थांबला. शेजारचा एक म्हातारा विणकर वाकून माझ्या हाताकडे पाहायला लागला.

"बाबू, हे गाठ तुमाले कोनं शिकवली?" त्याने विचारलं.

मी खाली पाहिलं. सुतळी जोडलेली होती. ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ, आणि माझा अंगठा अजून तिच्यावरच होता.

मी ती गाठ कधी शिकलो नाही. घरी येऊन शंभर वेळा मारून पाहिली, आजपर्यंत जमलेली नाही. तिरडी मात्र त्याच गाठीवर गेली. कोणी सोडली नाही, चितेवर ती त्याच्याबरोबर जळली.

कापलेली फीत अखंड कशी व्हायची, याचं उत्तर माझ्याजवळ नाही. कोणाजवळ असेल तर लिहा, मी वाचेन. त्या चार दिवसांत ऑफिसात सगळ्यांत शेवटी मीच निघत होतो, आणि कपाटाची किल्ली माझ्याच खिशात होती, हे मी वर लिहिलंच आहे.